संताचा घोट

लंडनहून संगीताचा अभ्यास करायला आलेला जॅस्पर जेवता जेवता विद्वत्ता पाजळत होता आणि जुरांदिर मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होता.

"एव्हराल्दोंच्या पियानोतला तो घोगरा, मागे रेंगाळणारा सूर! आमच्याकडे त्यावर ग्रंथ लिहिलेत. आतल्या तारांची म्हणे गुप्त जोडणी होती."

"जोडणी कसली डोंबलाची!" जुरांदिर म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधी एका तालमीला पठ्ठ्याने बाटली उघडली, आमच्या रिवाजाप्रमाणे पहिला घोट संताला म्हणून जमिनीवर ओतायला गेला आणि ओतला उघड्या पियानोत. झाली तुमची गुप्त जोडणी."

म्हातारा थट्टा करतोय असं वाटून जॅस्पर हसला. एव्हराल्दोच्या बायकोने, दाल्विनाने, त्याच्या ताटात आणखी काळा घेवडा वाढला.

एव्हराल्दोच्या वादक चौकडीत जुरांदिर बेस गिटार वाजवायचा. तो सूर आला की "आला बघ तुझा बेवडा" म्हणून एव्हराल्दोला जन्मभर टोचायचा. जगभरची पोरंटोरं तोच सूर कॉम्प्युटरवर बनवून नाचतात, याचाही त्याला वीट आला होता. पण एव्हराल्दो वारला, तेव्हापासून याने बेसला हात लावला नव्हता. आज तो या घरी आला होता ते फक्त तो सूर एकदा ऐकायला. हे कुणाला सांगायची मात्र त्याला लाज वाटत होती.

"भावजी, बसा ना वाजवायला," दाल्विना म्हणाली.

जुरांदिरने कोपऱ्यातला बेस गळ्यात अडकवला, ठेका धरला. एव्हराल्दोच्या त्याच पियानोवर जॅस्पर. बोटं बरी होती बेट्याची. मग तो सूर आला. स्वच्छ, खणखणीत.

जुरांदिरचा हात थांबला. "हे काय?"

"आठवडाभर खपून साफ केलाय," जॅस्पर खुशीत म्हणाला. "आत नुसता चिकटा होता."

"वहिनी, तुम्ही करू दिलंत?"

"मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्हीच तर त्या सुराला कायम नावं ठेवायचात."

जुरांदिरने उठून कपाटावरची कशासाची, तीच उसाच्या दारूची, बाटली घेतली, पियानोचं झाकण काढलं.

"अहो, नको!" जॅस्पर धावला.

"गप रे, ग्रंथवाल्या."

संताचा घोट त्याने आत ओतला आणि ती पट्टी दाबली. सूर तसाच, स्वच्छ. पुन्हा दाबली. डोळे पाण्याने भरले.

"लगेच नाही व्हायचं ते, भावजी. तेव्हाही तो घोट आत वाळून चिकटायला महिने लागले होते."

"मग उद्या येतो," जुरांदिर नाक पुसत म्हणाला. "बाटली इथेच राहू दे."