ताईची गाठ, माशाचं डोकं

ताईच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे काचेच्या टाकीकडे. "अगं बाई, डोकं बघ केवढं फुगलंय!" शेजारीण ओरडली.

टाकीत फ्लॉवरहॉर्न होता, कपाळावर टेंगूळ असलेला, सिक्लिड जातीचा लाल मासा. तो विकणारा परवापर्यंत साधा मासेवाला होता, आता मत्स्यगुरू झाला होता. "ताईसाहेब, गाठ फिरली! तुमच्या छातीतली याच्या डोक्यात आली. आता कशाला चिरफाड?"

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. उशीर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि ताई म्हणाली, "मी उद्या जाणार नाही." मी गर्दीतून वाट काढत टाकीपाशी गेले.

हा मासा माणसाचा आजार ओढून घेतो, असं त्याने भरवलं आणि तीन आठवड्यांपूर्वी ती हट्टालाच पेटली, तेव्हा मी म्हटलं, घेतेसच तर धड मासा तरी घे. मी स्वतः मासे पाळते. तासभर खपून मीच निवडला होता. डोळे स्वच्छ, पर शाबूत, पोट भरलेलं, बोट फिरवलं की मागे येणारा. कुशीवर काळे ठिपके सात. त्यानंतर मी आजच येत होते.

काचेवर बोट फिरवलं. मासा कोपऱ्यातून हलेना. पोट खपाटीला गेलेलं, शेपटी कुरतडलेली. ठिपके मोजले तर पाच.

"हा तो मासा नाही."

"आजार ओढला की रूप पालटतं, बाई. श्रद्धा हवी!"

"आजारासोबत ठिपकेही पळतात का हो?"

कोणीतरी फिसकन हसलं. हा गृहस्थ दर आठवड्याला 'पाणी भारायला' यायचा, खोलीचं दार लावून. आजही तसंच झालं होतं आणि त्याच्या पायाशी झाकणाची बादली होती. मी वाकले तसा तो आडवा आला. "हात लावू नका, कोप होईल!"

"होऊ दे माझ्यावर!" मी झाकण उपसलं.

आत लहान टेंगळाचा मासा होता. पाण्यावर बोट धरताच वर आला आणि कुशीवर वळला. ताईनेच मोजले. सात.

"याने मोठ्या डोक्याचा आणून सोडला, तुझा बादलीत घातला. एवढाच चमत्कार," मी ताईला म्हणाले आणि सगळ्यांकडे वळले. "अहो, मासा घेताना आपण डोळे बघतो, पोट बघतो. मग जिवाचा प्रश्न असताना डोळे का मिटता? विचारा, मोजा, झाकण उघडून बघा!"

गुरू बादली टाकून सटकला होता.

ताईने छातीवर हात नेला. चाचपलं. "आहे गं तिथेच," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. मी तिला घट्ट धरलं.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "उद्या किती वाजता निघायचं?"