उच्चारांची वर्षं

कानामागच्या केसांत लोहचुंबकाची चकती टक्कन चिकटायची आणि सुमेधाच्या चेहऱ्यावर जाग पसरायची. पापण्या किंचित आक्रसायच्या, मान डावीकडे कलायची. जणू सकाळच्या कोवळ्या उन्हालाही आवाज असावा आणि तो तिला जरा मोठाच वाटावा. छातीवरच्या कापडी पिशवीत यंत्राची पेटी आणि तिथून वेणीआडून वर गेलेली बारीक वायर. माझी लेक जन्मतः बहिरी. चार वर्षांची असताना पुण्याला शस्त्रक्रिया झाली, कानात खोलवर तार बसली, आणि आमच्या जाफराबादेत सगळ्यांना वाटलं, आता झालं.

"मशीन बसवलं ना बाई, मंग पोरगी अजून बराबर का बोलत न्हाई?" शेजारीण विचारायची.

कुणाकुणाला सांगणार, की यंत्र केवळ नाद पोचवतं, त्या नादातून अर्थ वेचायला वर्षं लागतात? मी शिक्षिका; शाळेतलं शिकवणं संपलं की घरातलं सुरू व्हायचं. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर हात धरून मी शब्द उच्चारायचे आणि नुसतं ऐकून तिने ते परत म्हणायचे. तहान लागली तरी आधी 'पाणी' नीट म्हणायचं, मग तांब्या. 'स' तर तिला सापडतच नसे. तिच्या जिभेवर त्याचा 'त' व्हायचा. उन्हाळ्यात घामाने वायर बिघडायची, नवी येईपर्यंत आठवडे जायचे, आणि तेवढ्यात कमावलेले शब्द ओल्या भिंतीवरच्या चुन्यासारखे गळून पडायचे. मी चिडायचे. यंत्रावर, घामावर, आणि खोटं कशाला बोलू, तिच्यावरही.

ती अकरा वर्षांची असताना मे महिन्यात आम्ही हसनाबादला, माझ्या माहेरी होतो. भर दुपारी ती गोठ्याकडून धावत आली. चेहरा लाल, श्वास फुललेला, हात हवेत काहीतरी गुंडाळत असलेले.

"आई, वातरू! वातरू पडलं!"

"हात खाली. वासरू म्हण."

"वातरू... दोरी..."

"स्स. ऐक नीट. वा-स-रू."

ती थांबली. डोळे भरून आले. ओठ आवळून, सगळं बळ त्या एका अक्षरावर एकवटून तिने तो शब्द पुन्हा म्हटला, आणि तो पुन्हा चुकला. मी तोंडासमोर हात धरलाच होता, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ताई, पोरगी रडून राह्यली, आन् तुम्ही अक्षरं सुधारून राह्यलात?"

आम्ही धावलो. दावं खुंट्याभोवती फिरून वासराच्या मानेला फास बसला होता. भावाने विळ्याने दोर कापला. मान तशीच लुळी पडली. "ते आधीच गेल्तं," तो मला म्हणाला. खरं असेल, नसेलही.

सुमेधाने चकती काढली, वायर गुंडाळली आणि पेटी माझ्या हातात दिली. त्या सुट्टीत तिने ती पुन्हा घातली नाही. मी विनवण्या केल्या, रागावले, न वापरल्याने ऐकणं मंदावेल अशी डॉक्टरांनी दिलेली ताकीद कागदावर लिहून दाखवली. तिने त्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'शाळेत घालीन. घरी नाही.' जूनमध्ये शब्दाला जागून तिने ती शाळेसाठी घातली. दिवाळीनंतर घरीही घालू लागली. मी मात्र त्यानंतर कधी तिचा शब्द सुधारला नाही. तिनेही कधी 'कसं म्हणू?' असं विचारलं नाही.

आता ती नववीत आहे. दरवर्षी पुण्याला तपासणीत तिचं कौतुक होतं. ओट्यावर मैत्रिणीशी बोलत बसते तेव्हा अर्धवट वाक्यं, चुकलेली अक्षरं आणि मध्येच उसळणारं हसू यांचा असा काही कल्लोळ असतो, की दाराआड माझं काम थांबतं. मी बाहेर येऊन विचारते, "काय गं, कशावर हसताय?" ती हसू आवरते, वाक्य मनात जुळवते आणि सावकाश, निर्दोष उच्चारात म्हणते, "काही नाही, आई."

तिला बोलायला शिकवलं ती सगळी वर्षं माझ्या लख्ख स्मरणात आहेत, एकेका अक्षरासकट. त्या वर्षांत ती मला काय सांगत होती, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही.