बिनपंपाची अणुभट्टी

परवाना कार्यालयाने पुन्हा विचारलं होतं, आणीबाणीचा पंप कुठे आहे? पंप नाही, हेच तर आमच्या अणुभट्टीचं वैशिष्ट्य! वीज गेली तरी गरम पाणी आपसूक वर चढतं, गार खाली येतं आणि गाभा थंड राहतो. पण नियम लिहिले गेले पंपवाल्या भट्ट्यांच्या काळात. पंपाची ताकद किती, त्याचं डिझेल इंजिन कधी तपासलं, सगळं विचारलेलं. पंपच नसेल तर काय, ते कुणाला सुचलंच नाही. आम्ही ‘लागू नाही’ लिहायचं, त्यांनी ‘उत्तर अपूर्ण’ म्हणून परत पाठवायचं. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

तपासणीस साहेब माणूस वाईट नव्हते. माझ्याइतकेच विटलेले होते. बैठक संपल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

“मॅडम, एक छोटासा पंप टाका ना. मी सही करून मोकळा, तुम्ही मोकळ्या.”

“त्याच्या नळीसाठी गाभ्याच्या भांड्याला खालून भोक पाडावं लागेल, साहेब. उद्या तिथून पाणी गळलं तर गाभा उघडा पडेल. रोगापेक्षा इलाज भयंकर.”

“मग नव्या नियमांची वाट बघा. समिती बसलीय.”

“उठणार कधी?”

“दोन-चार वर्षं तरी धरून चाला.”

दोन-चार वर्षं बाबांकडे नव्हती. ही भट्टी त्यांनी आखलेली. भांड्याला खालून भोक नको, एवढ्यासाठी ते उभा जन्म वरिष्ठांशी भांडले. आता हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. परवाना डोळ्यांनी बघायचा, एवढ्या एका आशेवर ते तग धरून होते.

संध्याकाळी त्यांच्या पलंगापाशी उभी राहून मी सगळं सांगितलं. वाटलं, आता भडकतील.

“टाक पंप,” ते म्हणाले.

“बाबा?”

“टाक म्हणतो ना. दमलो मी, ठमे. एकदा परवाना बघू दे.”

मला त्यांचा भयंकर राग आला. दमले तर मीही होते. नियम, कचेरी, बाबा, सगळे एका बाजूला. मी होकार दिला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं.

“आणि गळलं तर?”

“क्वचित गळतं.”

“किती क्वचित, ते तुम्हीच शिकवलंत मला.”

आई दारातून म्हणाली, “होऊ दे ना गं ह्यांच्या मनासारखं. किती ताणशील?”

रात्रभर माझं मन ‘टाक, टाक’ म्हणत होतं. सकाळी माझ्या ऑफिसातून मी कळवून टाकलं: पंप बसवणार नाही, नव्या नियमांसाठी थांबू. तपासणीस साहेब फोनवर एवढंच म्हणाले, “बघा बुवा.” हलकं वगैरे काही वाटलं नाही.

घरी आले तशी थेट बाबांकडे गेले.

“नाही टाकला,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे मला काही बघायला मिळत नाही.”

खोटं बोलायला जीभ वळेना. “नाही, बाबा.”

त्यांनी डोळे मिटले. मी तशीच उभी.

“राग आला?”

“आला,” ते म्हणाले, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून भिंतीकडे सरकवले.