सुलतानाभाभीच्या मागे एक तरी माणूस

शेवटी येणं सुलतानाला काही नवं नव्हतं. पाच बहिणींत ती शेवटची, लग्न तिचं शेवटी, घरात ताट तिचं शेवटी, आणि चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरातल्या तिच्या शिलाईच्या दुकानात ईदच्या आधी अख्ख्या मोहल्ल्याचे कपडे शिवून झाले की मशीनवर शेवटी चढायचा तो तिचा स्वतःचा कुर्ता. या सगळ्याचं तिला काही वाटत नसे. पण पळण्यात शेवटी येणं मात्र तिच्या डोक्यात जायचं, आणि का जाऊ नये? पळायला तर ती स्वतःच्या हौसेनं गेली होती!

हौस म्हणजे काय, साखर वाढली म्हणून डॉक्टरनं चालायला सांगितलं आणि ही बाई पळायलाच लागली. ऊर्जानगरात वीज केंद्रातल्या लोकांचा धावण्याचा क्लब आहे. त्याचा कॅप्टन राजदीप, केंद्रात इंजिनीअर, गळ्यात सदा शिटी. बायकोला चहा मागायचा तरी शिटी वाजवतो असं लोक म्हणतात. स्वाती शाळेत शिकवते, आणि पळते अशी की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तिच्या मागे लागायचा नाद सोडतात. तिसरा लालसूभाऊ. मूळचा एटापल्लीच्या जंगलाकडचा माडिया आदिवासी, कंपनीची बस चालवतो आणि काळा चष्मा फक्त झोपताना काढतो. आणखीही आहेत दहा-बारा, पण त्यांचं आपल्याला काही काम नाही.

आता इथं पहाटे पळायचं म्हणजे काय, हे चंद्रपूरकराला सांगायला नको. कॉलनीच्या भिंतीपलीकडे झुडपं, झुडपांत बिबट, आणि मधूनमधून खुद्द मोठे साहेबही फेरी मारून जातात. त्यामुळे क्लबचे नियमही वेगळे. घोळक्यानं पळायचं. झुडपं दाट झाली की टाळ्या वाजवत, ‘हो-हो’ करत जायचं. वाटेत खाली वाकायचं नाही, लेस सुटली तर सुटली. कारण लालसूभाऊ सांगतो, उभा माणूस वाघाला माणूस दिसतो आणि वाकलेला माणूस जनावर. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे शेवटच्याला एकटं सोडायचं नाही. पुढचे लोक पाण्याच्या टाकीपाशी वळतात, मागे येतात, शेवटच्याला मधे घेतात आणि घरापर्यंत पोचवतात.

आणि शेवटचं कोण? सुलताना. उन्हाळा असो, हिवाळा असो, सुलताना!

कोणी तिला हसत नसे, हीच तर खरी पंचाईत होती. हसले असते तर तिनंही चार शब्द सुनावून मोकळं केलं असतं स्वतःला. पण हे लोक तोंडावर अशी माया घेऊन मागे यायचे की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नागपूरच्या शर्यतीत तर हद्दच झाली. ती आपली शेवटच्या वळणावर कशीबशी पोचली होती, तर समोरून हा अख्खा घोळका गळ्यात पदकं घालून उलटा पळत आला. सवयच ना! टाळ्या वाजवत, हो-हो करत त्यांनी तिला मधे घेतलं, आणि नागपूरकर मोबाइल काढून बघत राहिले. सुलतानाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं.

अशात क्लबची व्हिएतनामची सहल ठरली. समुद्रकाठी एक शर्यत, डोंगरात एक, आणि मधल्या दिवसांत बोट, बाजार, आराम. नवरे-बायका सोबत चालतील. सुलतानाचा नवरा अयूब कूलर-मिक्सर दुरुस्त करतो आणि स्वतः उठून पाणीसुद्धा घेत नाही, तरी तो सगळ्यांआधी तयार झाला. परदेशात आपल्या खाण्याचं कसं, म्हणून त्यानं एक अख्खी बॅग चिवडा, लोणचं आणि खाऱ्या बिस्किटांनी भरली. कपडे सुलतानाच्या बॅगेत.

निघायच्या आधी क्लबची बैठक झाली, त्यात सुलताना उठून उभी राहिली. घरात हिंदी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि रागात दोन्ही, अशी तिची रीत. त्या दिवशी ती मराठीतच बोलली.

“एक सांगून ठेवतो सगळ्याइले. तिथी माह्यासाठी कोणी वापस याचं नाई. दुनियाभरातून लोक येऊन राह्यले. एक तरी माह्या मागं असंन ना? मले एकदा, फक्त एकदा, मागं वळून पाहाचं हाय अन् कोणीतरी दिसलं पायजे.”

राजदीपनं शिटी चाचपली.

“पण भाभी, नियम हाय आपला.”

“तिथी वाघ हाय का?”

“नाई.”

“मंग नियम कायचा? कसम खा सगळे.”

सगळ्यांनी शपथ घेतली. लालसूभाऊनं चष्मा न काढता घेतली, पण घेतली.

समुद्रकाठची शर्यत मजेची होती. लोक सोंगं घेऊन आले होते. कोणी नारळ, कोणी मासा. सुलताना क्लबचा हिरवा टीशर्ट घालून मन लावून पळाली, आणि शेवटी ती आणि एक झिंगा एवढेच उरले. झिंगा म्हणजे झिंग्याचं सोंग घेतलेला माणूस, मिशा हातभर लांब, पायांत पाय अडकत होते त्याच्या. अगदी रेषेपाशी त्यानं सोंगाचं शेपूट उचलून काखेत धरलं आणि सुसाट निघून गेला.

“झिंग्यानं हरवलं तुले?” अयूब वाळूत बसून चिवडा खात होता. “ज्याले लोक तळून खातात त्यानं?”

“तुमी उठा आधी, बसून बसून वाळूत खड्डा पडला,” सुलताना म्हणाली आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. अयूबनं दोनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते आणि झिंग्यासाठी रडणं तिला कमीपणाचं वाटत होतं.

मधले दिवस क्लबनं मजेत घालवले. लालसूभाऊला बाजारात मालिश करणारी खुर्ची सापडली. तो तिच्यात बसला आणि परत निघायचं नाव घेईना. शेवटी राजदीपनं शिटी वाजवून उठवला. बोटीत स्वातीनं सगळ्यांची गाणी घेतली. सुलताना सगळीकडे गेली, हसली, फोटोत उभी राहिली, पण मन डोंगरात होतं. आता तेवढीच एक शर्यत उरली होती.

डोंगरातलं गाव दा लात. थंडी, धुकं, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, आलापल्लीच्या सागवानासारखी सरळसोट. उजाडता उजाडता शर्यत सुटली. क्लबचे लोक जाताना तिच्याकडे असे बघून गेले, जणू लेकीला सासरी सोडून चाललेत. पण शपथ होती. गेले बिचारे.

सुलताना आपल्या चालीनं पळत राहिली. हळूहळू सगळे पुढे गेले. पाय दुखले, मग बधिर झाले, मग पाय आहेत हेच ती विसरली. असं करत ती पाण्याच्या शेवटच्या टेबलापाशी आली, आणि तिथं एक गोरा उभा होता. भला थोरला, साठीचा, गाल टोमॅटोसारखे, छातीवर कांगारूचं चित्र. तो केळं खात होता. सुलतानानं पाण्याचा घोट घेतला आणि तिच्या मागे टेबलावरच्या पोरी टेबल घडी करायला लागल्या.

टेबल घडी करताहेत! म्हणजे मागे कोणी नाही! हा कांगारूवाला आणि आपण, बस!

ती निघाली. अशी निघाली की जन्मात निघाली नव्हती. थोडं पुढे जाऊन तिनं मागे वळून पाहिलं, आणि माणूस दिसला. चक्क तिच्या मागे! केळ्याचं साल घेऊन, डुलत डुलत येणारा. सुलतानाला एकदम हसू फुटलं. “या अल्लाह,” ती मोठ्यानं म्हणाली, “हाय! माह्या मागं हाय!” तिला वाटलं हे अयूबला सांगावं, चारही बहिणींना फोन करावा, त्या झिंग्याला शोधून सांगावं. पुढची चढण तिला लागलीच नाही.

चढणीवर रस्ता वळला तिथं झाडी दाट झाली. खाली झुडपं, त्यांत धुकं. सुलतानानं आपोआप दोन टाळ्या वाजवल्या आणि हसून हात खाली घेतले. इथं कशाला? मग आणखी एकदा मागे पाहावं, ते सुख पुन्हा घ्यावं म्हणून ती वळली.

कांगारूवाला रस्त्याच्या कडेला एकटा होता. झुडपाला लागून. आणि खाली वाकला होता.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. इथं वाघ नाही हे तिला माहीत होतं. राजदीपनं सांगितलं होतं, हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, स्वातीनं नेटवर बघून सांगितलं होतं. डोक्याला सगळं कळत होतं हो, पण पाय कधी वळले ते डोक्याला कळलं नाही. ती उतारावरून खाली सुटली, दोन्ही हातांनी टाळ्या पिटत, ओरडत.

“हो-हो! उठ! अरे उठ बावा! वाकाचं नाई! झुडपाजवळ वाकून राह्यला, अक्कल हाय का नाई? हो-हो!”

त्या माणसानं मान वर केली, तर हिरव्या टीशर्टातली एक बाई ओरडत त्याच्या अंगावर येत होती. तो घाबरून अजूनच वाकला. सुलतानानं त्याचा दंड धरला आणि ओढून सरळ केला. त्याची लेस सुटली होती. आता लेस बांधायला तिनं तरी कसं वाकावं? तिनं त्याला रस्त्याच्या कठड्याशी नेलं, त्याचा पाय उचलून कठड्यावर ठेवायला लावला आणि उभ्या-उभ्या, शिलाईवालीच्या हातानं, अशी गाठ मारली की ती लेस आता कापावीच लागली असती.

“चल,” ती म्हणाली. “मधातून चाल. टाळ्या वाजव.”

त्याला काय कळलं कोण जाणे. शर्यतीतली काही रीत असेल असं वाटलं असावं. तो टाळ्या वाजवू लागला. “हो-हो,” सुलताना म्हणाली. “हो-हो,” तो म्हणाला. पुढे जाऊन पाहावं म्हणून तिनं दोनदा पाय उचलला, पण त्याच्या धापा मागे पडल्या की तिचे पाय थबकायचे. एकटा कसा सोडायचा? मनात त्याला, राजदीपला आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घालत ती त्याच्या बाजूनं पळत राहिली.

झाडी संपली. गाव दिसलं, माणसं दिसली, लांब कमान दिसली. सुलतानानं श्वास घेतला. आता जंगल नाही, आता माणसांत आलो, आता हा सुखरूप आहे. आता मी मोकळी! आणि तिनं दौड टाकली.

पण तो गडी तोवर ताजातवाना झाला होता की! त्याला वाटलं, ही शेवटची रीत असेल. त्यानंही दौड टाकली. त्याची एक टांग म्हणजे हिच्या दोन. कमानीखाली तो पुढे गेला, आणि त्याच्या मागून सुलताना. तिच्या मागे टेबलवाल्या पोरींची गाडी. बस.

क्लबचे लोक रेषेपलीकडे एकमेकांचे हात धरून उभे होते. शपथ मोडू नये म्हणून त्यांनी राजदीपला खांबाला टेकवून ठेवला होता. धुक्याच्या फटीतून, वरच्या वळणावर भाभी उलटी पळाली एवढंच त्यांना खालून दिसलं होतं.

“भाभी, तुमी तं पुढं होत्या!” राजदीप रडवेला झाला होता. “वापस काऊन गेल्या?”

सुलताना गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. “तो वाकला होता,” ती म्हणाली.

“वाकला?” स्वाती म्हणाली.

लालसूभाऊनं चष्मा काढला. “झुडपाजवळ?”

“हाव.”

“एकटा?”

“हाव ना.”

“मंग बराबर केलं,” लालसूभाऊ म्हणाला, आणि बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

सुलताना खाली बसली. एवढी वर्षं तिला वाटायचं, हे लोक आपल्यावर दया करतात म्हणून मागे येतात. दया कसली बोडक्याची! मघाशी तिला त्या माणसाची काडीची दया आली नव्हती, उलट राग आला होता. पण पुढे जाता आलं नव्हतं. राजदीपलाही रोज असाच राग येत असेल, बिचाऱ्याला.

तेवढ्यात कांगारूवाला आला. गळ्यात पदक, गालांवर पाणी. आधी त्यानं अयूबला मिठी मारली, चिवड्यासकट, मग फोन काढून कोणाला तरी दाखवत भडाभडा बोलू लागला. मधेच सुलतानाकडे बोट, मधेच पदकाकडे.

“काय म्हणून राह्यला?” सुलतानानं विचारलं.

स्वाती ऐकत होती. तिचा चेहरा विचित्र झाला. “भाभी, तो सांगून राह्यला बायकोले... की आजपर्यंत जेवढ्या शर्यती केल्या तेवढ्यात तो शेवटी आला. मुलं हसतात त्याले. अन् आज पहिल्यांदा त्याच्या मागं कोणीतरी आलं. म्हणजे तुमी.” ती थांबली. “मी सांगू का त्याले? की तुमी पुढं होत्या, त्याच्यासाठी वापस आल्या?”

सगळे सुलतानाकडे बघत होते. फोनमधली गोरी म्हातारी टाळ्या वाजवत होती. सुलतानाच्या मनात आलं, मेल्या, ते माझं होतं! समुद्र ओलांडून, झिंग्याचा मार खाऊन, मी घ्यायला आले होते ते! आणि तो उभा होता डोळे पुसत, त्याच्या मागे एक माणूस होतं म्हणून. ते सुख काय असतं हे त्या मैदानात दुसऱ्या कोणाला माहीत असणार? चढणीवर, थोडा वेळ का होईना, तिनं ते घेतलं होतं.

“त्याले सांग,” ती म्हणाली, “लय जोरात पळाला तू. म्या खूप कोशिश केली, पण नाई गाठता आलं.”

स्वातीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं आनंदानं अशी आरोळी ठोकली की राजदीपच्या हातून शिटी पडली.

“खोटं काऊन बोलली?” अयूब हळूच म्हणाला.

“तुमी चिवडा द्या त्याले,” सुलताना म्हणाली. “दमला असंन.”