मोगऱ्याच्या कुंडीतलं पाणी

माझ्या बाटलीला आमची अख्खी आळी सलाईन म्हणते. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण ऐकतं कोण? महिन्यातल्या एका रविवारी दहा वाजता बाया मला पाहायला येतात आणि दाराशी उभ्या राहून अशा काही हळहळतात, की जशी मी आता चाललीच. मी कुठंच चालली नव्हती. मला फक्त सोमवारी शाळेत जायचं होतं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. माणसाच्या रक्तात रोगाशी लढणारं जे द्रव्य असतं, ते माझ्या रक्तात जवळजवळ नाहीच. चार वर्षांत पाच वेळा न्यूमोनिया झाला, कान तर बारा महिने वाहत होते. मुंबईला रक्त पाठवलं, तेव्हा कुठं नागपूरच्या डॉक्टरांना पत्ता लागला. उपाय एकच, दर चार आठवड्यांनी ते द्रव्य बाहेरून शिरेत सोडायचं, आणि तेही जन्मभर. हजारो लोकांच्या रक्तातून काढून एक बाटली भरते. हे शेजारच्या पंचफुलाबाईला सांगितलं तर ती विचारते, कोन्या जातीच्या लोकांचं? मी म्हटलं, बाई, हजारो आहेत, त्यात सगळेच आले, तू आता निवडत बस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीभर वांग्याची भाजी घेऊन आली.

आमचे हे, प्रभाकर, पांढुर्णा स्टेशनवर बुकिंगला आहेत, म्हणून बाटली रेल्वेकडून मिळते. पहिलं वर्षभर ती नागपूरच्या वॉर्डातच लावली. दर महिन्याला जाणं-येणं धरून तीन दिवस जायचे. मी इथल्या मराठी प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवते. बेचाळीस पोरं, त्यातली निम्मी 'ग' उलटा काढणारी. माझ्या रजा संपल्या, बिनपगारी पण संपल्या. हेडमास्तर भला माणूस, पण त्यांनी साफ सांगितलं की विजयाबाई, जूनपासून असं चाललं तर तुमच्या जागी दुसरी बाई येईल. मी घरी येऊन खूप रडली. मग डोळे पुसले आणि नागपूरला जाऊन डॉक्टरांच्या मागेच लागली, की मला घरी बाटली लावू द्या.

डॉक्टर हो म्हणाले, पण तीन बाटल्या घरी लावून पाहायच्या, त्या नीट पार पडल्या तरच पुढे. सुई लावायला नत्थूजी काकाजी होते. रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर राहिलेला माणूस, आमच्याच आळीत राहतो. थेंब मोजायला त्यांच्यासारखा कोणी नाही. आणि एक वही ठेवायची होती. मिनिटाला किती थेंब, ताप किती, डोकं दुखलं का, उलटी झाली का, पाणी किती प्यायलं, सगळं तिच्यात लिहायचं. पाण्याचं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आदल्या दिवसापासून भरपूर प्यायचं, बाटली चालू असताना तर घोटघोट पीतच राहायचं. मी मान हलवली.

आता खरं सांगते. मी पाणी प्यायली नाही.

कारण सांगायची मला तेव्हा लाज वाटली, आता नाही वाटत. आमचं संडास आंगणाच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली, आमचं आणि पंचफुलाबाईचं मिळून एकच. तिथं जायचं म्हणजे ओसरी ओलांडायची, आणि ओसरीत काकाजी घड्याळ धरून बसलेले. हाताला सुई, नळी, वर बाटली, साडेचार तास. मी काय त्या म्हाताऱ्या माणसाला सांगू, की काकाजी, मला जायचं आहे? त्यापेक्षा जावंच लागणार नाही असं करायचं. ही विद्या मला नवीन नव्हती. आमच्या शाळेत बायांसाठी सोयच नाही, त्यामुळे दहा ते पाच कोरड्या घशानं शिकवायची सवय होतीच. शनिवारी दुपारपासून मी पाणी बंद केलं. रविवारी आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, उशाशी तांब्या भरून ठेवला. ती जरा आत गेली की मोकळ्या हातानं मी तो खिडकीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतायची. वहीत लिहिलं, पाणी दोन तांबे.

पहिली बाटली फेब्रुवारीत. बर्फाच्या थर्मासमधून काढून सकाळपासून फळीवर ठेवलेली, म्हणजे गारवा जावा. काकाजींनी माझ्याच शाळेतली फूटपट्टी हाताखाली बांधली आणि एका टोचण्यात शीर पकडली. प्रभाकर सुई पाहून पांढरे पडले आणि ड्यूटीचं निमित्त काढून सटकले. सगळं ठीक झालं, असं वाटलं. संध्याकाळी डोकं धरलं. धरलं म्हणजे असं, की उजेड सहन होईना, मान वळेना, आंगणात कोणी बादली ठेवली तरी ती माझ्या कपाळावर ठेवली असं वाटे. अंग थरथर कापायला लागलं, उलट्या झाल्या. सोमवारी शाळा नाही, मंगळवारी नाही. मार्चमध्ये दुसऱ्या बाटलीला तर गुरुवारपर्यंत मी अंधाऱ्या खोलीत पडून होती.

डॉक्टरांनी वही पाहिली. थेंब बरोबर, ताप थोडाच, पाणी भरपूर. ते म्हणाले की वॉर्डात तुम्हाला एवढा त्रास कधी झाला नाही, घरी सगळं नियमानं होऊनही होतो, म्हणजे घर तुम्हाला मानवत नाही. एप्रिलची बाटली शेवटची पाहू, नाहीतर परत वॉर्ड. वॉर्डात बाटलीला चाकाचं स्टँड होतं, बायांचं संडास चार पावलांवर होतं आणि मी तिथं मजेत पाणी प्यायची, हे मला तिथं बसल्याबसल्याच लक्षात यायला पाहिजे होतं. आलं पण असेल. पण वहीत खोटं लिहिलं हे डॉक्टरांसमोर कोण कबूल करते? पोरांनी पाटीवर माझी खोटी सही केली तर मी त्यांचे कान पिळते. मी वही उचलली आणि उठून आली.

तिसरी बाटली एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी लागली. ऊन तर असं, की आंगणातली माती फुटून राहिली होती. मंडीत मृग बहराच्या संत्र्याच्या शेवटच्या गाड्या चालू होत्या आणि आत्याबाई रोज तिथं पेट्या भरायला जायची. तरीही त्या दिवशी ती गेली नाही. बाटली लागली, थेंब सुरू झाले, आणि ही माझ्या खाटेशी तांब्या घेऊन बसली ती उठेचना. मी म्हटलं, ठेवा, पिते मी. ती म्हणाली, माह्यासमोर पी. मी म्हटलं, तहान नाही. तिनं तांब्या खाली ठेवला. मग दाराकडे पाहून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मोगऱ्याले पानी मी घालतो ना व. मग बाटलीच्या दिवशी कुंडी दोनदा ओली कशी?"

मी खिडकीकडे पाहिलं. मेला तो मोगरा, त्या वर्षी इतका फुलला होता की लपवायला जागाच नव्हती. माझे डोळे भरून आले. मी तोंड उघडलं, पण तिनं मला सांगूच दिलं नाही.

"मी पऱ्हाटीत कापूस येचला, मंग मंडीत पेट्या भरल्या. चाळीस वर्सं झाली. चारीकडं मानसंच मानसं. अंधार पडेपर्यंत घोटभर पानी पेत नव्हतो. संध्याकाळी असंच डोकं उठे माहं, असंच ओकत होतो. मांगच्या महिन्यात तुले पायलं अन् मले माहंच डोकं आठवलं."

आत्याबाई असं कधी बोलत नाही. तिचं बोलणं म्हणजे, मीठ संपलं, गाडी आली, एवढंच. मी तिचा हात धरला. माझा एकच हात मोकळा होता.

मग ती उठली आणि ओसरीत जाऊन उभी राहिली. काकाजी माझ्या सासूचे दूरचे दीर लागतात, त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नाही. पदर तसाच सारखा करून तिनं त्यांना सरळ विचारलं, की बाटली लावलेल्या बाईले आंगणात न्यायचं असलं तर कसं न्यायचं? काकाजींनी घड्याळातून डोळे काढले नाहीत. म्हणाले की बाटली हातापेक्षा उंच पाहिजे, नाहीतर रक्त नळीत उलटं येते, आणि ओढाताण करायची नाही, बाकी काही अवघड नाही. मग म्हणाले, "मीनंच इचारायला पाहिजे होतं, वहिनी. तीस वर्सं पेशंट पायले, पन हे इचारलं नाई कोनाले." उठून त्यांनी बाटली उतरवली, संत्री तोडायच्या लांब बांबूच्या आकडीला सुतळीनं बांधली, माझ्या हाताची पट्टी तपासली आणि चुना संपला म्हणून चौकात निघून गेले. चुन्याची डबी भरलेली होती, मी पाहिली.

तोवर मी तांब्याभर पाणी प्यायली होती. अर्ध्या तासानं निघाली आमची वरात. पुढं मी, एक हात पट्टीला बांधलेला. मागं सत्तरीला टेकलेली माझी सासू, बांबू उभा धरून, मान वर, डोळे त्या थेंबांवर. आंगणात पाय भाजत होते. पंचफुलाबाई पापड वाळत घालून राहिली होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि नेहमीच्या हळहळ्या आवाजात विचारलं, की सलाईन घेऊन कुठं चालल्या माय? आत्याबाई थांबली नाही. मुतायले, म्हणाली. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. मला वाटलं, धरणी फाटावी आणि मी आत जावं. पंचफुलाबाईनं हातातला पापड परातीत टाकला, धावत गेली आणि दार उघडून धरलं. आतली बादली पण तिनंच भरून ठेवली. मग पाठ करून दाराशी उभी राहिली आणि समोरून येणाऱ्या तिच्या नवऱ्याला तिनं असं काही झापलं, की तो आल्या पावली परत गेला.

त्या दिवशी चार तांबे पाणी प्यायली मी आणि तीनदा आंगण ओलांडलं. दर वेळी बाटली आत्याबाईच्याच हातात. तिसऱ्या वेळी बांबू तिनं दोन्ही हातांनी धरला. पंचफुलाबाईनं बांबू मागितला तर दिला नाही.

संध्याकाळी मी डोकेदुखीची वाट पाहत बसली. ती आली, नाही असं नाही. नुसती कपाळाशी बसून राहिली, एका गोळीनं निघून गेली. अंग थोडं कसकसलं. पिठलं-भाकर खाल्ली आणि ती पोटात राहिली. उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची झाली होती, सोमवारी साडेसातला मी वर्गात उभी होती. एका पोरानं 'ग' पुन्हा उलटा काढला. इतका गोड वाटला मला तो ग, की मी त्याला दोन मिनिटं तसाच राहू दिला.

पण वही राहिली होती. फेब्रुवारी आणि मार्चच्या पानावरचे दोन-दोन तांबे मी लाल शाईनं खोडले, पोरांच्या चुका खोडते तसेच. बाजूला लिहिलं, एक घोट. खाली कारण लिहिलं, जसं होतं तसं. नागपूरला जाताना आत्याबाई सोबत आली. डॉक्टरांनी ती दोन पानं बराच वेळ वाचली. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले की चूक तुमची अर्धीच, कारण पाणी प्या हे मी सांगितलं, पण पुढचं मी विचारलं नाही. मग बाटली कोणी धरली म्हणून विचारलं. कोपऱ्यातल्या बाकड्यावरून आत्याबाई म्हणाली, "मीनं." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, घरीच चालू ठेवावे. वहीत एक रकाना पण वाढवला, किती वेळा गेली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये गर्दी नव्हती. मी तो कागद पर्समधून काढून तीनदा वाचला. काटोलला आत्याबाईनं मला खाली उतरवून नळावरून तांब्या भरून आणायला लावला. मला वाटलं, माझ्यासाठीच. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि भर दुपारी, डब्यातल्या सगळ्या माणसांसमोर, वरून धार धरून अर्धा तांब्या एका दमात प्यायली. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण तिला दिवसाउजेडी असं पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोंड पदरानं पुसून ती खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे पाहत बसली.

नरखेड सोडल्यावर ती उठली आणि डब्याच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाली,

"दाराशी उभी राय माह्या. कडी नीट लागत नाई त्याची."

मी उठली आणि पाठ करून दाराशी उभी राहिली.