दोर गुंडाळताना

तिने जीपवरच्या विंचेच्या क्लचचा खटका सोडवला, आकडा हातात घेतला आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली. मागे ड्रम खडखडत फिरू लागला आणि पोलादी दोर अंगणभर उलगडत गेला. फाटकाजवळच्या झाडापाशी पोचल्यावर तिने आकडा खाली ठेवला, बादलीतली चिंधी पिळली आणि दोरावरचा वाळका चिखल पुसत पुसत ती जीपकडे परत येऊ लागली.

जीप तिच्या नवऱ्याची. रुतलेल्या गाड्या बाहेर काढणं हा त्याचा धंदा. पुढच्या बंपरवर बसवलेली विंच म्हणजे बॅटरीवर चालणारा ठेंगणा रहाटच; पण तिच्या जोरावर त्याने खाणीच्या रस्त्यावरचे भरलेले ट्रकसुद्धा हलवले होते. चिखलातून आलं की विंच त्याच दिवशी धुवायची, असा त्याचा दंडक. शेवटच्या खेपेनंतर मात्र तो म्हणाला, आधी जेवतो. जेवता जेवता त्याने पाणी मागितलं. ती पेला भरून आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता, मान एका बाजूला कललेली. तिने हाका मारल्या, हलवून पाहिलं, शेजाऱ्यांना बोलावलं. त्या सगळ्यात पेला तिच्या हातातच राहिला होता. मग तो तिने ओट्यावर नेऊन ठेवला. थेंबही सांडला नव्हता.

तेव्हापासून तिचं सगळं तसंच चाललं होतं. स्वयंपाक, झाडलोट, आल्यागेल्याशी बोलणं. लोक तिच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि थोड्या वेळाने, काहीतरी चुकल्यासारखे, उठून जायचे. नणंद राहून गेली तेव्हा निघताना तिचे हात धरून म्हणाली होती, "वहिनी, एकदा मोकळेपणी रडून घे गं."

"बरं," ती म्हणाली होती, दळण आणायला सांगितल्यासारखं.

आज सकाळी अंगण झाडताना तिला विंचेवरचा चिखल दिसला. तिने केरसुणी ठेवली आणि नटबोल्ट खोलायचे पाने काढले.

दोर पुसून झाल्यावर गिअरची डबी उघडून तिने चाकं एकेक करून रॉकेलच्या थाळीत टाकली. जुनं ग्रीस काळं पडून चिकटलं होतं. पायरीवर बसलेले सासरे वाकून बघत होते. उभा जन्म त्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता.

"एवढाली चाकं!" ते म्हणाले. "ही काय आंधळासुद्धा बसवेल."

"मग बसवा की."

"नको गं. मला भिंग लावून बारीक बघायची सवय. एवढं मोठं डोळ्यांत मावत नाही."

तिने चाकं पुसली, नवं ग्रीस भरलं, डबी बंद केली. बॅटरीच्या तारांची टोकं पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली. बटण दाबताच मोटर घुमली. तिला बरंही वाटलं नाही आणि वाईटही नाही.

एवढ्यात सासऱ्यांच्या खिशात फोन वाजला. फोन नवऱ्याचा. म्हातारा तो रोज चार्ज करायचा आणि उशाशी घेऊन झोपायचा.

"हॅलो... नाही, तो बाहेरगावी गेलाय." सासरे जरा वळून, हळू आवाजात बोलत होते. "काही सांगता येत नाही. लांब गेलाय."

तिचा हात थांबला. म्हणजे आजवर जितके फोन आले, तितक्यांना हेच सांगितलं गेलं होतं.

"कोण आहे?"

"बेकरीवाला. त्याची व्हॅन गटारात गेलीय, खाणीच्या वळणावर."

"थांबायला सांगा. येतोय म्हणावं."

सासऱ्यांनी तसं सांगून फोन खिशात ठेवला.

"आधी दोर गुंडाळायला हवा," ती म्हणाली. "सैल गुंडाळला तर खालच्या वळशांत रुततो, ताण देऊनच गुंडाळावा लागतो. आकडा झाडाला अडकवते. जीप झाडाकडे ओढली जाईल. तुम्ही आत बसा आणि ब्रेक हलकासा दाबून धरा. एरवी तिथे मी बसायचे."

ते चढून बसले. सीट मुलाच्या लांब पायांच्या मापाने मागे सारलेली होती. पाय पोचेना, तसे ते सीटच्या अगदी कडेला सरकले आणि स्टिअरिंगला छाती लावून बसले.

"सीट पुढे येते, बाबा. खाली दांडा आहे."

"असू दे. असंच बरंय."

तिने बटण दाबलं. दोर ताठ झाला आणि जीप मुंगीच्या पावलाने झाडाकडे निघाली. वळशाला वळसा चिकटत गेला. काचेमागे म्हाताऱ्याचं तोंड दातओठ आवळून बसलेलं. झाड आलं तरी ब्रेकवरचा पाय निघाला नाही. तिने दार उघडून सांगितलं तेव्हा निघाला.

खाणीच्या वळणावर व्हॅन एका कुशीवर कलली होती. बेकरीवाला धावत आला. तिने जीप समोर लावली, चाकांखाली दगड घातले. हातमोज्यांचा एकच जोड होता. तो तिने सासऱ्यांना दिला आणि आकडा व्हॅनच्या कडीत अडकवायला लावला. दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून मधल्या दोरावर ताडपत्री टाकली.

"दोराजवळ कुणी थांबू नका," तिने बजावलं.

मोटर कण्हली. व्हॅन आधी हलेचना. मग गटारातल्या चिखलाने फसकन आवाज केला आणि मागचं चाक वर आलं, मग दुसरं. पावांचा एक ट्रे आतल्या आत घसरला.

"सुटलो बाबा!" बेकरीवाल्याने घाम पुसला. "ताई, तुम्ही तर दादाच्या वरताण निघालात. तो कधी येतोय बाहेरगावाहून?"

सासरे आकडा सोडवत होते. ते सरळ उभे राहिले.

"तो नाही येणार," ते म्हणाले. "तो गेला. माझा मुलगा गेला."

बेकरीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि व्हॅनशी जाऊन उगाच दार उघडलं, लावलं.

ती दोर ड्रमवर नीट बसवत होती. सासरे जवळ आले आणि एकदम म्हणाले, "अगं, रक्त!"

तिने पाहिलं. दोराची तुटकी, केसाएवढी तार तळहातात घुसली होती. रक्त मनगटावरून ओघळून बाहीत उतरलं होतं. केव्हा घुसली, तिला पत्ताच नव्हता.

"हलू नकोस."

त्यांनी मोजे काढले. तिचा हात उजेडाकडे धरला आणि दोन नखांच्या चिमटीत तारेचं टोक पकडून, श्वास रोखून, एका झटक्यात ती उपसली.

"दुखलं का?"

ती तळहाताकडे बघत राहिली. मग बंपरवर टेकली.

"दुखलं," ती म्हणाली.

ते तिच्या शेजारी बसले, तिचा हात न सोडता.

"दुखलं, बाबा," ती पुन्हा म्हणाली, आणि कपाळ त्यांच्या खांद्याला टेकवून रडू लागली.