धनश्रीचं कॉम्प्युटर

बारावीचा निकाल लागला तसं खुटबावच्या सावळाराम आप्पांनी लेकीला एकच शब्द सांगून दौंडच्या कॉलेजात धाडलं : कॉम्प्युटर. धनश्रीला खरं तर केमिस्ट्रीची गोडी. पण केमिस्ट्री शिकलेल्याला जन्मभर कंपनीतला वास घेत बसावं लागतं, असं आप्पांचं पक्कं मत होतं. म्हणून तिनं केमिस्ट्री मागितलीच नाही. कॉम्प्युटरच्या जागा भरलेल्या. मग खिडकीतल्या क्लार्कनं जिथं बाकं रिकामी होती तिथं तिला बसवून टाकलं. संवादकला, पहिलं वर्ष.

घरी आली तेव्हा आप्पा पाठीवर घरघरणारा पंप घेऊन झेंडूवर फवारत होते.

“आप्पा, कम्युनिकेशनला मिळालं.”

“आं?”

“कम्युनिकेशन!”

“तेच की. कॉम्प्युटर,” आप्पा खूश होऊन म्हणाले, आणि पुढच्या सरीत शिरले.

सांजेला आई, सोजराबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, “ऱ्हाऊ दे आता. आप्पा पारावर कॉम्प्युटरचं पेढं वाटून आल्यात.”

तेव्हापासून वस्तीवर कुणाचा फोन अडकला, कुणाला सातबारा काढायचा झाला, की माणूस थेट धनश्रीकडं. तिला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. येणाऱ्याला बसवून ती विचारपूस करायची, मग हेल्पलाइनला फोन लावून पलीकडच्याशी गोडीनं बोलायची. बऱ्याचदा काम व्हायचं. लोक म्हणायचे, कॉम्प्युटरची पोर हाय, हुणारच.

दसऱ्याच्या तोंडावर वस्तीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. विहिरीत पाणी होतं, पण मोटर चालंना. झेंडू माना टाकायला लागला. ऑनलाइन तक्रार केली होती, तर मोबाइलवर हिरव्या अक्षरांत ‘तक्रार निकाली’ असं यायचं. दोनदा सगळे गडी मिळून वीज ऑफिसात गेले, साहेबाच्या टेबलावर हात आपटून आले.

“धने, तुझ्या कॉम्प्युटरात बघ की कायतरी,” आप्पा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात विनंती होती.

धनश्रीला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती एकटीच त्या ऑफिसात गेली. संवादकलेच्या नीलम मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलेलं तिला तेवढं आठवत होतं : समोरच्याचं संपेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. साहेबांनी तिला पाहताच तोफ डागली. खुटबावचे लोक कसे, बाकीची गावं कशी, माणसं कमी, सकाळपासून पोटात चहा नाही. धनश्री ऐकत राहिली. बोलून बोलून साहेब दमले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “डीपी तर गोडावूनला येऊन पडलाय, ताई. आणायला गाडी नाही. तुमच्या लोकांना तेच सांगत होतो. कुणी ऐकून घेईल तर!”

“आमचा ट्रॅक्टर हाय की, साहेब,” धनश्री म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवरच्याच माऊलीच्या ट्रॅक्टरवर बसून डीपी वस्तीवर आला. दिवे लागायच्या वेळी मोटर सुरू झाली. आप्पा बराच वेळ पाटात पाय सोडून बसले होते.

दसऱ्याला मारुतीच्या देवळापुढं सत्कार झाला. फ्लेक्सवर धनश्रीचा फोटो, खाली ‘संगणकतज्ज्ञ’. हातात माइक आल्यावर तिनं ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं.

“मी कॉम्प्युटरला न्हाई,” ती म्हणाली. “मी कॉम्प्युटरला हातसुद्धा लावला न्हाई. त्या साहेबांचं नुसतं ऐकून घेतलं.”

मग पुढं बसलेले दगडोबा मामा डोळे पुसत म्हणाले, “बघा! एवढी शिकली, पण गर्व न्हाई पोरीला.” टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांची मान तर अशी ताठ झाली, की सोजराबाईंना तोंडाला पदर लावून हसावं लागलं.

पुढच्या जूनमध्ये खुटबावातून दौंडला पोरींची रांग लागली. सगळ्यांना धनश्रीसारखं कॉम्प्युटर करायचं होतं. संवादकलेकडं कुणी फिरकलंच नाही. तो वर्ग चालू ठेवा म्हणून नीलम मॅडम प्राचार्यांना समजावत राहिल्या. प्राचार्य मोबाइलमध्ये बघत ‘हो, हो’ म्हणत राहिले, आणि वर्ग बंद झाला. मॅडमना लायब्ररीत बसवलं. धनश्रीला पुन्हा पहिल्या वर्षाला घातलं, कॉम्प्युटरच्या.

त्या दिवशी ती डेमू गाडीतून उतरून सरळ रानात गेली. आप्पा वाफे बांधत होते. पंप नव्हता, वारा पडलेला, सगळं कसं शांत.

“आप्पा,” तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, “आजपासनं मी कॉम्प्युटरला हाय.”

आप्पांनी खोरं थांबवलं. तिच्याकडं नीट पाहिलं.

“आन् मग वरीसभर कुठं जात हुतीस?”

धनश्री बांधावर बसली. सांगायचं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार होतं, आणि आप्पा पहिल्यांदाच ऐकायला उभे होते.